दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या तासांमध्ये बदल करायला मंजुरी दिली. दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेता येईल, आठवड्याची ४८ तासांचीच राहील आणि त्यापुढचं काम ओव्हरटाइम धरलं जाईल, अशी त्याची रचना. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांची गोष्ट काढली आणि देशभर वाद झाला.

वाळूजच्या कंपनीतला ऑपरेटर, लातूरच्या क्लासमधला शिक्षक, जालन्याच्या मोंढ्यातला मुनीम, धारूर-वडवणीकडचा ऊसतोड मजूर. या सगळ्यांच्या वाट्याला असल्या वादांतून शेवटी एकच सल्ला येतो: काम करा, पण तब्येत सांभाळा, रोज व्यायाम करा. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. बैठ्या कामात शरीराला हालचाल कमी पडते, कष्टाच्या कामात विश्रांती कमी पडते आणि रात्रपाळीत झोप. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या कामात शरीराला काय मिळत नाही ते आधी ओळखायचं आणि तेवढंच कामाबाहेर भरून काढायचं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

तासांचं गणित

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना मेंदूच्या झटक्याचा, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याचा, धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता. ताण लांबला की रक्तदाब चढा राहतो. झोप कापली जाते, तंबाखू आणि चहा वाढतो, जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते होतं. हे सगळं मिळून रक्तवाहिन्यांवर येतं.

४८ तासांचा आठवडा या धोक्याच्या रेषेच्या अलीकडे आहे, हे खरं. पण दिवस कसा जातो तेही बघायला हवं. गंगापूर किंवा पैठणकडून कंपनीच्या बसने येणारा माणूस घ्या. १२ तास ड्यूटी, दीड-दोन तास जाणं-येणं, सात तास झोप. उरले तीन-साडेतीन तास. त्यात आंघोळ, जेवण, लेकरांचा अभ्यास, आईबापाची औषधं, दुकानातून किराणा. अशा दिवशी कापली जाते ती झोपच, कारण तिच्यासाठी कोणी दारात येऊन तगादा लावत नाही.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

बसून राहण्याचा हृदयाशी संबंध आहे, हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने, १९५३ मध्ये. लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटं काढायला दिवसभर जिना चढत-उतरत असे. दोघांची कंपनी एक, गाडी एक, वेळापत्रक एक. तरीही हृदयविकार ड्रायव्हरमध्ये लक्षणीय जास्त आढळला. टपाल खात्यातही तेच दिसलं: पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे होते.

त्या कंडक्टरांपैकी कोणी व्यायामशाळेत जायचं म्हणून निरोगी नव्हतं. त्यांची हालचाल कामातच मिसळलेली होती. मराठवाड्यात मागच्या पिढीपर्यंत बहुतेकांचं असंच होतं. आता शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरणी ट्रॅक्टरने होते, पाण्याची मोटार मोबाइलवरून चालू होते. याचं मला वाईट वाटत नाही, ते कष्ट हौसेचे नव्हते. पण त्यांच्यासोबत शरीराला फुकट मिळणारी हालचालही गेली. दुचाकीवर शेतात चक्कर मारून मजुरांकडून काम करून घेणारा बागायतदार आणि तहसीलातला कारकून, शरीराच्या हिशेबाने एकाच खुर्चीवर बसलेत. दोघांनीही स्वतःला बैठं काम करणारा समजावं.

स्नायू आणि साखर

हालचालीने नेमकं होतं काय? भाकरी, भात, चपाती, काहीही खाल्लं तरी त्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊन रक्तात येते. तिथून ती पेशींमध्ये जायला हवी, आणि तिचा सर्वात मोठा गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू.

हंगामातला मोंढा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची पोती आवारात उतरतात, हमाल ती उचलून गोदामात लावतात. रक्त हे आवार, साखर ही पोती, स्नायू हे गोदाम आणि इन्सुलिन हे हमाल. गोदामातला माल रोज बाहेर जात असेल तर सगळं सुरळीत चालतं. पण आतला माल हललाच नाही तर हमाल कितीही वाढवले तरी पोती ठेवायला जागा नाही. ती आवारातच पडून राहतात. या अवस्थेला डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात: इन्सुलिन आहे, पण त्याचं काही चालत नाही. स्वादुपिंड काही वर्षं आणखी आणखी इन्सुलिन सोडत राहतं, म्हणून तपासणीत साखर ठीक दिसते. ते थकलं की एक दिवस रिपोर्टमध्ये मधुमेह येतो आणि घरचे म्हणतात, अचानक कसा झाला?

चालताना, चढताना, वजन उचलताना दोन गोष्टी होतात. गोदामातला माल खपतो आणि गोदामाचं मागचं दार उघडतं, ज्यातून पोती आत जायला हमाल लागतच नाही. स्नायू आकुंचन पावले की इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. व्यायामानंतर हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून महिन्यातून एकदा डोंगर चढण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास भरभर चालणं साखरेला जास्त मानवतं. जेवणानंतरची शतपावलीही याच हिशेबात बसते. साखर रक्तात येत असतानाच स्नायू कामाला लागले की ती कमी चढते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, फक्त जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन आडवं व्हायचं नाही.

"माझं तर वजनच जास्त नाही"

हा आक्षेप आपल्याकडे फार ऐकू येतो, आणि तो घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं होतं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांची सुमारे २१ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा याचा अर्थ. स्नायू कमी आणि पोटात, आतड्यांभोवती, यकृतात चरबी जास्त.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा टेप जास्त खरं बोलतो. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, की हात-पाय काडीसारखे असले तरी सावध व्हायचं. टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला. उंबरठ्यावरच्यांसाठी चांगली बातमीही आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की नियमित हालचाल आणि खाण्यातला बदल एवढ्यावर भारतीय माणसांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटतं.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठवाड्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

कष्ट म्हणजेच व्यायाम असता, तर कष्टकऱ्यांची हृदयं सर्वात मजबूत असायला हवी होती. तसं दिसत नाही. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फावल्या वेळात केलेल्या हालचालीने हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी झाला, पण कामावरच्या जड कष्टांनी तो वाढलेला दिसला. यावर संशोधकांमध्ये वाद आहे. कष्टाचं काम करणारा माणूस बहुधा गरीबही असतो, त्याचं खाणं, तंबाखू, उपचार मिळण्याची सोय, सगळंच वेगळं असतं, आणि ते हिशेबातून पूर्ण वजा करता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. तरीही शरीराच्या बाजूने कारणं समजण्यासारखी आहेत.

व्यायामात नाडी अर्धा तास जोरात चालते, मग खाली येते आणि विश्रांतीत हृदय पूर्वीपेक्षा शांत चालायला शिकतं. कष्टात नाडी थोडीच वर जाते, पण आठ-दहा तास वरच राहते. पोतं किंवा मोळी उचलताना दम रोखला जातो आणि रक्तदाब उसळतो, दिवसातून शेकडो वेळा. खुरपणीला कंबर एकाच बाजूला तासन्‌तास वाकलेली. आणि सर्वात महत्त्वाचं, थांबायचं कधी हे राबणाऱ्याच्या हातात नसतं.

ऊसतोडीच्या फडावर हे उघड दिसतं. इथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड करायची. आजारपणाने एक दिवस पडला तर तो खाडा, आणि खाड्याला दंड. फडावर संडास नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, मग लघवीचे आणि अंगावरून जाण्याचे त्रास मागे लागतात. पाळीचे दिवस म्हणजे खाड्याची भीती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये देशभर गाजलं आणि राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतली बाई गर्भाशय काढून पुन्हा कोयता हातात घेते, तेव्हा तिला सकाळी योगासनं करा असं सांगणं मला क्रूर वाटतं. तिला दंडाशिवाय सुट्टीचा दिवस हवा, फडावर संडास आणि प्यायचं पाणी हवं. तिच्या बाबतीत तब्येत आणि काम यांचा तोल तिच्या शिस्तीवर ठरत नाही, कामाच्या अटींवर ठरतो.

ज्याला थोडंफार स्वतःच्या मनाने काम करता येतं, त्या शेतकऱ्याने आणि रोजंदारीवाल्याने कष्टात भर घालू नये. मधे थांबण्याची सवय लावावी. दर तासाला पाच मिनिटं सावलीत, वाकून काम केलं असेल तर कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुकायचं. वैशाखात पाणी तहान लागण्याची वाट न बघता पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. घाम फार जात असेल तर मीठ-साखर-पाणी. पारा बेचाळीसच्या पुढे जातो त्या दिवसांत पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत उरकायचं. पावसाळ्यापूर्वी बऱ्याच दिवसांनी उन्हातल्या कामाला लागताना पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस भरू नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात.

रात्रपाळी

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचं घड्याळ असतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळानुसार रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं. त्यामुळे दुपारी एकला खाल्लेलं ताट आणि रात्री दोनला खाल्लेलं तेच ताट रक्तात सारखी साखर चढवत नाही, रात्री ती जास्त चढते. झोप अपुरी राहिली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं घटतं. रात्रपाळीवाल्याला पहाटे भजी-वडापाव खावासा वाटतो त्यामागे हे आहे, मनाचा दुबळेपणा नाही.

शेंद्रा, चिकलठाणा, वाळूजच्या शिफ्टवाल्यांनी मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी करावं. मध्यरात्री हलकं, थोडंसं. घरी आल्यावर खोली अंधारी करावी, आणि दिवसाच्या झोपेला घरच्यांनी रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा. "दिवसा काय झोपलाय" असं म्हणत उठवलेला माणूस तीन-चार तासांच्या झोपेवर पुन्हा मशीनपुढे उभा राहतो.

"वेळ कुठून काढायचा?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागणारी. दिवसाला ती साधारण २२ मिनिटं होतात. पूर्वी ती सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत हवी असं मानत, आता तीही अट नाही. बसस्टँडपासून ऑफिसपर्यंत भरभर चालणं, दोन जिने, जेवणानंतरची फेरी, सगळं जमा होतं. १०,००० पावलांचा आकडा तर १९६० च्या दशकात जपानमधल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. अलीकडच्या अभ्यासांत ७,००० च्या आसपासच बराच फायदा पदरात पडलेला दिसतो.

रविवारीच वेळ मिळतो, त्याने आठवड्याची मिनिटं एक-दोन दिवसांत भरली तरी हृदयाला फायदा होतो, असं मोठ्या अभ्यासांत आढळलंय. फक्त चाळिशीनंतर वर्षानुवर्षं काही न करता एकदम क्रिकेटच्या मॅचला उतरू नये.

चालण्याने भागत नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती आपण सगळेच विसरतो: ताकद. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. गोदामच लहान होत जातं. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, दप्तराच्या पिशवीत पुस्तकं भरून ती उचलणं, एवढ्याने सुरुवात होते. गावात तालीम असेल तर उत्तमच.

घरातल्या बाईचा दिवस

२०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचून बाया आळशी वाटतील. पण २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. बाई दिवसभर उभी असते, वाकलेली असते, पण तिची नाडी क्वचितच वाढते आणि तिला बसायलाही मिळत नाही. दोन्हीकडून नुकसान.

आणि तिला चालायला पाठवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला आधी लोहाच्या गोळ्या लागतात. तिची चालायला जायची वीस मिनिटं कोणी भांडी घासली तरच निघतात, हेही घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावं.

पिकवतो, पण खात नाही

खाण्याबद्दल एवढंच सांगते, कारण पथ्याच्या याद्या भरपूर मिळतात. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिचीही साखरच होते. चार भाकरी आणि वाटीभर पातळ वरण हे कष्टाच्या काळातलं ताट खुर्चीवर बसणाऱ्याला जड जातं. खरी उणीव प्रथिनांची, म्हणजे स्नायू बांधणाऱ्या घटकाची. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूठभर तुरीच्या डाळीच्या पातळ वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात.

आणि लातूर, नांदेड, हिंगोली, धाराशिव सोयाबीनने भरलेले आहेत. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, तूरडाळीच्या दीडपट. आपण ते पोत्यात भरून मोंढ्यात नेतो आणि घरात तेलाच्या पिशवीखेरीज त्यातलं काही येत नाही. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून आधी उकडून, वाळवून, भाजून घ्यायचं आणि नऊ किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो मिसळून दळायचं. चवीत फारसा फरक कळत नाही. कोंबडी-अंडी खाणाऱ्यांनी अंडी, न खाणाऱ्यांनी हरभरा, मटकी, दही वाढवावं.

सुरुवात कुठून

वय तिशीच्या पुढे असेल तर गावच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून मिळते. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो, तो भरायला त्या दारात आल्या तर "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जायचं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर तो उंबरठा. वर सांगितलेल्या चालण्या-उचलण्याचा सर्वात जास्त उपयोग याच माणसांना होतो.

औषधं चालू असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण साखर खूप खाली जाऊ शकते. चालताना किंवा काम करताना छातीत दाब आला, तो हातात-जबड्यात गेला, किंवा घाम फुटून दम लागला, तर गॅसेस समजून सोडा पिऊन बघत बसू नका. बसायचं, आणि लगेच १०८ ला फोन करायचा.